हिब्रू महिन्यांची नावं: तारीख लावण्याआधी काय बघायचं?

निसान, इय्यार, सिवान, तम्मूज, आव, एलूल, तिश्री, मारहेश्वान, किस्लेव, तेवेत, शेवात, अदार. हे हिब्रू पंचांगाचे बारा महिने. गंमत अशी की यातलं एकही नाव मुळात हिब्रू नाही. सगळी बॅबिलोनहून आलेली आहेत. निसान्नू, अय्यारू, सिमानू, दुऊझू, आबू, उलूलू... अक्कादी भाषेतली यादी शेजारी ठेवली तर नातं ओळखायला भाषाशास्त्र शिकावं लागत नाही.

'हे आम्हाला कशाला?' असं वाटत असेल तर थोडं थांबा. इतिहास, भाषा, धर्म, व्यापार, समाजशास्त्र, यातल्या कुठल्याही विषयात काम करताना हिब्रू तारीख असलेला एखादा कागद किंवा दगड समोर येऊ शकतो. मग आपण काय करतो? इंटरनेटवरचा कन्व्हर्टर उघडतो, दिवस-महिना-वर्ष टाकतो आणि आलेली इंग्रजी तारीख टिपून घेतो. कन्व्हर्टर कधीच 'सांगता येत नाही' म्हणत नाही. इ.स.पू. ५०० मधली तारीख विचारा, तो अमुक वारासकट उत्तर देईल. आणि ते उत्तर बहुतेक वेळा निरर्थक असेल, कारण ज्या नियमांनी त्याने गणित केलं ते नियम तेव्हा अस्तित्वातच नव्हते. नावं जुनी, नियम बरेच नवे. या दोहोंच्या मधे हजारेक वर्षांचं अंतर आहे, आणि आजची पोस्ट त्या अंतराबद्दल आहे.

नावांचे तीन थर

सगळ्यात खाली शेतीचं वर्ष आहे. १९०८ साली गेझेर इथे मॅकॅलिस्टर या पुरातत्त्वज्ञाला चुनखडीची एक छोटी पाटी सापडली. काळ साधारण इ.स.पू. दहावं शतक, मजकूर जेमतेम सात ओळींचा. त्यात महिन्यांना नावंच नाहीत, कामं आहेत: दोन महिने फळं गोळा करायचे, दोन पेरणीचे, दोन उशिराच्या पेरणीचे, एक जवस काढण्याचा, एक सातूच्या कापणीचा, असं करत बारा महिने भरतात. पाटी आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे.

याच काळाच्या आसपासची चार जुनी महिन्यांची नावं बायबलमध्ये शिल्लक आहेत: अबीब, जीव, एथानीम आणि बूल. मराठी बायबल हाताशी असेल तर १ राजे या पुस्तकाचे ६ आणि ८ हे अध्याय उघडा. (अबीब मात्र निर्गम आणि अनुवादमध्ये मिळेल.) यातलं बूल हे नाव फिनिशियन लेखांतही येतं. सिदोनचा राजा एश्मुनाझार याची दगडी शवपेटी १८५५ साली सापडली, ती आता लूव्र संग्रहालयात आहे. तिच्यावरचा लेख बूल महिन्याच्या उल्लेखानेच सुरू होतो. म्हणजे ही नावं कनानी शेजाराची सामायिक नावं होती, एकट्या इस्राएलची नव्हेत.

दुसरा थर आकड्यांचा. 'पहिला महिना', 'सातवा महिना', 'दहावा महिना'. यिर्मया आणि यहेज्केल असेच महिने मोजतात. मोजणी वसंतातल्या महिन्यापासून.

तिसरा थर बॅबिलोनी. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास जेरुसलेम पडलं, बरेच लोक बॅबिलोनला नेले गेले, आणि पुढे पर्शियन राज्यात त्यांच्यातले काही परतले. जेरुसलेम तालमूद या ग्रंथात स्पष्टच नोंदलं आहे की महिन्यांची नावं त्यांच्याबरोबर बॅबिलोनहून वर आली. परंपरा स्वतःहून 'हे आमचं नव्हे' असं सांगते, हे तसं क्वचितच बघायला मिळतं.

आता संशोधनाच्या दृष्टीने मला सगळ्यात रंजक वाटणारी गोष्ट. हे थर एकमेकांना जिथे भेटतात तिथे मजकुरात 'म्हणजे' येतं. राजे या पुस्तकात 'बूल महिना, म्हणजे आठवा महिना' अशी रचना आहे. जखऱ्यात उलटं दिसतं: 'अकरावा महिना, म्हणजे शेवात'. पहिल्या ठिकाणी जुनं नाव वाचकाला कळणार नाही म्हणून आकडा दिला आहे. दुसऱ्या ठिकाणी आकडा आहेच, पण वाचकाच्या रोजच्या बोलण्यातलं नाव आता बॅबिलोनी झालंय म्हणून ते जोडलं आहे. 'म्हणजे'च्या पुढे जे येतं ते त्या वाचकाच्या ओळखीचं असतं. हे एक सूत्र कुठल्याही भाषेतल्या जुन्या मजकुराला लावून बघा, फार कामाला येतं.

पण सावध. 'म्हणजे' नंतरचा भाग मूळ लेखकाचाच असेल असं नाही, नंतरच्या नकलाकाराने किंवा संपादकानेही तो घातलेला असू शकतो. आणि बदल सरळ रेषेत झालेला नाही. हाग्गय आणि जखऱ्या हे दोघे एकाच काळातले, दारयावेश राजाच्या दुसऱ्या वर्षातले. हाग्गय फक्त आकडे देतो, जखऱ्या कधी आकडा तर कधी आकडा आणि नाव. नहेम्याच्या पुस्तकात किस्लेव, निसान, एलूल ही नावं एकटीच येतात आणि थोडं पुढे पुन्हा 'सातवा महिना' येतो. तेव्हा 'बॅबिलोनी नाव आहे, म्हणून मजकूर अमुक सालानंतरचा' असा नियम करून चॅप्टर लिहू नका. नाव असणं हा पुरावा आहे, नाव नसणं हा तितकासा नाही. बारापैकी फक्त सातच नावं हिब्रू बायबलमध्ये महिन्याचं नाव म्हणून सापडतात. तिश्री त्यात नाही, आव नाही. म्हणून ती तेव्हा कोणी वापरतच नव्हतं असं थोडंच आहे!

'मार' हा शब्दच नाही

आठव्या महिन्याला आज बऱ्याच कॅलेंडरवर नुसतं 'हेश्वान' लिहिलेलं दिसतं. पूर्ण नाव मारहेश्वान. आता हिब्रूत 'मार' म्हणजे कडू. या महिन्यात एकही सण येत नाही. म्हणून स्पष्टीकरण तयार झालं: सण नसलेला, म्हणून कडू हेश्वान. दुसरं स्पष्टीकरण असं की 'मार'चा एक अर्थ थेंबही होतो, आणि त्या सुमारास तिकडे पाऊस सुरू होतो, म्हणून पावसाचा हेश्वान. दोन्ही गोड आहेत. दोन्ही चूक आहेत.

अक्कादीत या महिन्याचं नाव 'वराह-सम्नू' अशा धर्तीचं आहे. वराह म्हणजे महिना (आपल्या विष्णूच्या अवताराशी काही संबंध नाही), सम्नू म्हणजे आठवा. बॅबिलोनीत म आणि व हे उच्चार एकमेकांची जागा घेत. सुरुवातीच्या 'व'चा 'म' झाला, मधल्या 'म'चा 'व' झाला, आणि 'वराह-सम्नू'चं 'मारह-श्वान' झालं. जोड 'मारह' आणि 'श्वान' यांच्या मधे आहे. लोकांनी तो शब्द 'मार' आणि 'हेश्वान' असा चुकीच्या जागी तोडला, आणि मग त्या चुकीच्या तुकड्याला अर्थ शोधले.

या नावाचा अर्थ 'आठवा महिना' इतकाच आहे, आणि तो निसानपासून मोजलेला आहे. वर्ष मात्र आज तिश्रीपासून सुरू होतं, त्यामुळे हा 'आठवा' वर्षातला दुसरा ठरतो. हे विचित्र वाटलं तर ऑक्टोबर आठवा. लॅटिनमध्ये त्याचाही अर्थ आठवाच, आणि आपण तो दहावा म्हणून वापरतो. वर्षाची सुरुवात सरकते, नावं जागची हलत नाहीत. हिब्रूत तर मिश्ना या ग्रंथाने एकूण चार 'नववर्षं' सांगितली आहेत: राजांच्या कारकिर्दी आणि सण मोजायला निसान, जनावरांच्या दशांशासाठी एलूल, सालांसाठी तिश्री आणि झाडांसाठी शेवात. आपल्याकडे गुढीपाडवा, दिवाळी पाडवा आणि एक एप्रिल सुखाने नांदतात, तसंच.

तम्मूजची गोष्ट वेगळी. ते चक्क एका देवाचं नाव आहे. सुमेरमधला दुमुझी. तम्मूजसाठी रडणाऱ्या बायकांवर यहेज्केल संतापलेला आहे, आणि पुढे तेच नाव एकेश्वरी समाजाच्या पंचांगात निमूटपणे बसलेलं आहे. हे कसं खपलं? कारण ही नावं देवळातून आली नाहीत, कचेरीतून आली. पर्शियन साम्राज्याचा कारभार आरामी भाषेत आणि बॅबिलोनी पंचांगाने चाले. करार, पावत्या, राजाज्ञा यांवर जे महिने लिहायचे तेच तोंडात बसले. म्हणूनच ही नावं इतरत्रही जिवंत आहेत. तुर्की भाषेत आजही निसान म्हणजे एप्रिल, तेम्मुझ म्हणजे जुलै, एयलुल म्हणजे सप्टेंबर. इराक-सीरियातल्या अरबीतही तीच कुळी. फक्त तिथे ते सौर महिने आहेत. तेव्हा 'तम्मूज' दिसला की आधी भाषा आणि देश बघायचा.

एका तारखेचं उदाहरण

नाईल नदीतल्या एलेफंटाइन बेटावर इ.स.पू. पाचव्या शतकात यहुदी सैनिकांची वसाहत होती. त्यांचे आरामीतले पपायरस सापडले आहेत. त्यातल्या एका करारावर, विषय भिंतीच्या हक्काचा, दोन पंचांगांची तारीख आहे: झर्क्सीस राजाचं १५ वं वर्ष, एलूल महिन्याची १८, म्हणजे पाखोन्सची २८. (पुन्हा 'म्हणजे'!) पाखोन्स हा इजिप्तचा महिना. इजिप्तचं वर्ष ३० दिवसांचे बारा महिने आणि वर पाच दिवस, असं सरळ ३६५ दिवसांचं, ना चंद्र ना लीप वर्ष. त्यामुळे ते अचूक मोजता येतं, आणि उत्तर येतं १२ सप्टेंबर इ.स.पू. ४७१. आता या दिवसापासून अठरा दिवस मागे जाऊन अमावास्येनंतरची पहिली कोर कधी दिसली असेल ते तपासायचं. जुळतं. अशा दुहेरी तारखा दुर्मीळ असतात, आणि म्हणूनच सोन्यासारख्या.

इथे आपण 'एलूल'चं रूपांतर कन्व्हर्टरने केलं नाही, ते इजिप्तच्या बाजूने केलं. फरक लक्षात आला ना?

अधिक महिना आणि नियम

मराठी वाचकाला हिब्रू पंचांग समजणं युरोपियन वाचकापेक्षा सोपं जायला हवं. बारा चांद्र महिने म्हणजे ३५४ दिवस, सूर्याच्या वर्षाला अकरा कमी, म्हणून मधून मधून एक महिना वाढवायचा. आपल्याकडेही १९ वर्षांत साधारण सात अधिक महिने येतात, तिकडेही १९ वर्षांत सात. फरक ठिकाणात आहे. आपला अधिक महिना सूर्यसंक्रांतीवर ठरतो आणि तो श्रावण, ज्येष्ठ, कुठलाही असू शकतो. हिब्रूत अदारच दोनदा येतो. अदार पहिला हा वाढीव, आणि पुरीमसारखा सण दुसऱ्या अदारात. १९ वर्षांच्या चक्रातली ३, ६, ८, ११, १४, १७ आणि १९ ही वर्षं तेरा महिन्यांची. एखादं हिब्रू साल लीप आहे का हे बघायला त्याला १९ ने भागा आणि बाकी बघा. बाकी शून्य म्हणजे एकोणिसावं.

आजचं पंचांग पूर्ण गणिती आहे. महिन्याची सरासरी लांबी २९ दिवस, १२ तास आणि ७९३ भाग, जिथे एका तासाचे १०८० भाग. ही संख्या टॉलेमीकडेही आहे, आणि तिचं मूळ बॅबिलोनी खगोलगणितात आहे. म्हणजे नावं तिकडून आली तशी चंद्राची मोजणीही. याच्यावर आणखी नियम आहेत. नववर्ष रविवार, बुधवार किंवा शुक्रवारी येता कामा नये, नाहीतर प्रायश्चित्ताचा दिवस शब्बाथला चिकटतो किंवा दुसऱ्या एका सणाची पंचाईत होते. हे जमवायला मारहेश्वान आणि किस्लेव यांचा एकेक दिवस कमी-जास्त करतात.

पण पूर्वी असं नव्हतं. मिश्नात वर्णन आहे की साक्षीदार येऊन कोर दिसल्याचं सांगत, न्यायसभा महिना जाहीर करी, निरोपे गावोगाव जात. अधिक महिना घ्यायचा का हे पीक, फळं आणि ऋतू बघून ठरे. अशा व्यवस्थेत पुढच्या वर्षीची तारीख कोणालाच आधी माहीत नसते. मग आज आपण तरी ती कशी मोजणार?

तर हे बदललं कधी? बऱ्याच पुस्तकांत एका वाक्यात उत्तर मिळतं: हिल्लेल दुसरा याने इ.स. ३५९ च्या सुमारास पंचांग कायमचं ठरवलं. हे वाक्य पुढच्या वेळी दिसलं की त्याची तळटीप उघडा. दावा पोचतो अकराव्या शतकात वारलेल्या हाय गाओन यांच्यापर्यंत, आणि तोही बाराव्या शतकातल्या अब्राहम बार हिय्या यांच्या पुस्तकातून. घटना आणि साक्ष यांत सहाशेहून जास्त वर्षं. आणि मधल्या काळातला पुरावा या दाव्याच्या विरोधात जातो. मृत समुद्राच्या दक्षिणेला झोअर इथल्या चौथ्या ते सहाव्या शतकातल्या कबरींवर दिवस, महिना आणि वारही कोरलेला आहे. त्यातल्या काही तारखा आजच्या नियमांत बसत नाहीत. कैरोच्या गेनिझातलं एक पत्र इ.स. ८३५-३६ मधलं आहे. त्यात सांगितलेला वल्हांडणाचा वारसुद्धा आजच्या गणिताशी जुळत नाही. सगळ्यात ठसठशीत प्रकरण ९२१-२२ चं. पॅलेस्टाइनचे बेन मेईर आणि बॅबिलोनियाच्या बाजूने सादिया गाओन यांच्यात ६४२ भागांच्या एका मर्यादेवरून, म्हणजे जेमतेम ३६ मिनिटांवरून, वाद पेटला. ९२२ मध्ये दोन्हीकडच्या यहुद्यांनी वल्हांडण दोन दिवसांच्या फरकाने पाळलं. एकाच्या सणात दुसऱ्याच्या घरी खमीर! सॅशा स्टर्न यांनी २००१ च्या पुस्तकात हा सगळा पुरावा एकत्र मांडला आहे. त्यांचं म्हणणं असं की पंचांग एका फटक्यात ठरलं नाही, ते कित्येक शतकं हळूहळू घट्ट होत गेलं. मला हे पटतं, मुख्यतः कबरींमुळे. ग्रंथ नंतर सुधारता येतो, कबरीवरचा वार कोण बदलत बसतो?

व्यवहारात याचा अर्थ असा: दहाव्या शतकाच्या आधीच्या हिब्रू तारखेला कन्व्हर्टरने दिलेली इंग्रजी तारीख एक-दोन दिवसांनी चुकू शकते, आणि अधिक महिना वेगळ्या वर्षी घेतला असेल तर आख्खा महिना चुकू शकतो. मूळ तारीख जशीच्या तशी लिहा आणि पुढे 'सुमारे' लावा.

नंतरच्या काळातही डोळे उघडे

समजा एका कबरीवर हिब्रूत '७ अदार' आणि सालाची ताव, रेश, मेम, तेत ही अक्षरं आहेत. अक्षरांच्या किमती ४००, २००, ४० आणि ९, बेरीज ६४९. हजार सहसा लिहीत नाहीत, म्हणून ५६४९. तिश्रीपासून डिसेंबरअखेरपर्यंत ३७६१ वजा करायचे, पुढे ३७६०. अदार म्हणजे फेब्रुवारी-मार्च, तेव्हा १८८९. इथपर्यंत सोपं.

आता ५६४९ ला १९ ने भागा. बाकी ६. म्हणजे लीप वर्ष, आणि अदार दोन! पहिला धरला तर ८ फेब्रुवारी १८८९, शुक्रवार. दुसरा धरला तर १० मार्च, रविवार. दगडावर वार असेल तर प्रश्न तिथेच मिटला. नसेल तर दोन्ही तारखा लिहायच्या. आणि त्याच दगडावर खाली दुसऱ्या भाषेत '९ मार्च' लिहिलेलं असेल, तर लगेच 'कोरणाऱ्याची चूक' म्हणू नका. हिब्रू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. शनिवारी ९ मार्चला दिवेलागणीनंतर मृत्यू झाला असेल, तर हिब्रू हिशोबाने तो ७ अदारच.

सालाची मोजणीही एकच नसते. मध्ययुगातले व्यापारी कागद बरेचदा सेल्युसिड सनात आहेत. त्यातून तिश्री-डिसेंबरसाठी ३१२ वजा करायचे, पुढच्या महिन्यांसाठी ३११. मंगळूरला राहिलेल्या बेन यिजू या व्यापाऱ्याचे, अमिताव घोष यांच्या पुस्तकामुळे अनेकांना माहीत झालेले, गेनिझातले कागद याच जगातले.

शेवटी आपल्या कोकणाकडे येऊ, कारण इथे काम करायला खूप जागा आहे. बेने इस्राएल समाजाची सणांची जुनी नावं हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या आणि १९३७ साली छापलेल्या इतिहासात नोंदली आहेत: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, होळीचा सण. अनुक्रमे पहिला तिश्रीतलं नववर्ष, तिसरा प्रायश्चित्ताचा दिवस, चौथा पुरीम. यात हिब्रू महिना कुठेच नाही. भात, खीर, बंद केलेलं दार आणि शेजाऱ्यांची होळी आहे. १८३२ साली जॉन विल्सन यांचं हिब्रूचं व्याकरण मराठीत आलं, १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा छापली गेली. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कागदांत तारखा कशा लिहिल्या आहेत हे शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे. तो शोध घेताना एक नाव लक्षात असू द्या. केहिमकरांच्या यादीत महिनाभराच्या उपासाला 'रमजान' म्हटलं आहे, आणि तो महिना मुसलमानी पंचांगातला नाही, एलूल आहे.